‘एनआरआय वारसा पॅकेज’: मुंबईची बाजू चोख, परदेशाची कोरी

दादर-माटुंग्यातला आईवडिलांचा फ्लॅट परदेशातल्या मुलांच्या नावावर करून द्यायचं काम फोर्टमधली सीए-वकिलांची कार्यालयं एकत्र पॅकेज म्हणून घेतात. त्यांतल्याच एका पॅकेजबद्दल हे. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘वारसा कर शून्य’. खोटं नाही. इस्टेट ड्युटी, म्हणजे मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मालमत्तेवरचा कर, १९८५ मध्ये गेली आणि मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेल्या घरावर घेणाऱ्याला आयकरही लागत नाही. पण हे झालं भारतापुरतं. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसलेल्या वारसाचा प्रश्न जिथे सुरू होतो, तिथेच पॅकेज संपतं.

सोसायटीचं काम मात्र उत्तम. नॉमिनी म्हणजे विश्वस्त, मालक नव्हे, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगतात. मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत सही करून किंवा नोटरी आणि अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून मागवतात. मूळ कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागायला हवा, म्हणून कुरियरचं पाकीटसुद्धा फाइलला लावून ठेवतात. तारखेचा पुरावा तोच. अशी शिस्त क्वचित दिसते.

दरपत्रक जुनं आहे. त्यात अजून ‘मुंबईत प्रोबेट सक्तीचं’ असं छापलंय. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब. भारतीय वारसा कायद्यातलं कलम २१३ डिसेंबर २०२५ मध्ये वगळलं गेलं, सक्ती संपली. भावंडांत कुरबुर असेल तर प्रोबेट जरूर घ्यावं. महाराष्ट्रात कोर्ट फी जास्तीत जास्त ७५,००० रुपये, वकिलाचे पैसे वेगळे. पण सक्तीच्या नावाखाली कोणी ते गळ्यात मारत असेल तर कारण विचारा.

खरी गोची मूल्यांकनात आहे. भारतात भांडवली नफा काढताना वारसाची खरेदी किंमत म्हणजे मूळ मालकाने मोजलेली. घर एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं, तेही त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या वर नाही. अमेरिका आणि ब्रिटन मृत्यूच्या दिवसाचं मूल्य धरतात. पॅकेजमध्ये २००१ चा अहवाल मिळतो, मृत्यूच्या तारखेचा नाही. चार-पाच वर्षांनी घर विकलं की तिकडचा सल्लागार तोच आकडा मागतो आणि तेव्हा व्हॅल्युअरला मागची तारीख धरून जुने व्यवहार उकरावे लागतात. दोन्ही अहवाल एकाच भेटीत करून घ्या.

विक्रीच्या वेळी कमी टीडीएसचं (किमतीतून आधीच कापल्या जाणाऱ्या कराचं) प्रमाणपत्र हे त्यांचं महागडं काम. ३ कोटींचा फ्लॅट एकाच अनिवासी वारसाने विकला तर प्रमाणपत्राशिवाय पूर्ण किमतीवर १२.५ टक्के, त्यावर अधिभार आणि सेस, म्हणजे १४.९५ टक्के कापले जातात: ४४.८५ लाख. २००१ चं मूल्य ४० लाख असेल तर त्यावरची कपात टळून प्रमाणपत्राने ५.९८ लाख हातात राहतात. विवरणपत्र भरून ते परतही मिळतातच, फक्त उशिरा. शुल्क या आकड्याशी ताडून बघा. शिवाय इंडेक्सेशनसह (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून) २० टक्क्यांचा पर्याय फक्त निवासींना आहे. एकाच फ्लॅटमध्ये दादरच्या बहिणीचं गणित वेगळं आणि लंडनच्या भावाचं वेगळं. ते दोघांना एकच तक्ता पाठवतात.

हक्कसोडपत्राबाबत, म्हणजे एका वारसाने आपला हिस्सा दुसऱ्यासाठी सोडण्याच्या कागदाबाबत, तर ते बेफिकीरच आहेत. इथे घरातल्या घरात सहज होणारा हा कागद, पण वारस अमेरिकी नागरिक असेल तर भावाचं नाव घालून सोडलेला हिस्सा तिथे भेट ठरू शकतो. ते टाळायचं तर मृत्यूपासून नऊ महिन्यांत, भाड्याचा एक रुपयाही न घेता आणि कुणाला द्यायचं हे न सांगता हक्क नाकारावा लागतो. आणि अशा अमेरिकी वारसाला परदेशस्थ व्यक्तीकडून वर्षात १ लाख डॉलरच्या वर वारसा आला, तर कर नसला तरी तिथल्या कर खात्याचा फॉर्म ३५२० भरायचाच; चुकल्यास दंड २५ टक्क्यांपर्यंत चढतो.

त्यांच्या माहितीफॉर्मवर वारसाचा देश विचारलाय. गेलेली व्यक्ती कुठे राहत होती, हा रकानाच नाही. वडील मागच्या २० वर्षांतली १० वर्षं ब्रिटनमध्ये राहिले असतील, तर ६ एप्रिल २०२५ पासून त्यांची जगभरची मालमत्ता, दादरच्या फ्लॅटसकट, तिथल्या वारसा कराच्या कक्षेत येते: ३,२५,००० पौंडांवर ४० टक्के, भरायची मुदत मृत्यूच्या महिन्यानंतरचे सहा महिने. भारत-ब्रिटन यांच्यातला १९५६ चा करार काहींना वाचवतो, पण तो आहे हे त्यांना सांगावं लागलं. जर्मनीत राहणाऱ्या वारसाने तीन महिन्यांत कर कार्यालयाला कळवायचं असतं. मुलाला ४ लाख युरोपर्यंत सूट.

पैसे बाहेर नेण्याच्या टप्प्याला पुन्हा पूर्ण गुण. एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या रुपयांच्या) खात्यातून आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम जाते, आणि बँक मागेल तो मृत्यू दाखला, मृत्युपत्र, कर भरल्याचं सीएचं प्रमाणपत्र यांचा संच ते आधीच लावून ठेवतात. हक्कसोडपत्रावर मात्र तिकडच्या सल्लागाराचं लेखी उत्तर येईपर्यंत सही करू नका, त्यांनी कितीही घाई केली तरी.