ऑपरेशननंतर घरी ऑक्सिजन: सिलिंडर की मशीन?

मोठ्या बाबांची, म्हणजे थोरल्या काकांची, नागपुरात बायपास झाली आणि नवव्या दिवशी सुट्टी मिळाली. कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली दोनच शब्द होते, ‘होम ऑक्सिजन’. किती लिटर, दिवसातून किती तास, कधीपर्यंत, काहीच लिहिलेलं नव्हतं. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, डांबरी रस्ता सोडून आत. गाडी यवतमाळला पोचायच्या आत ठरवायचं होतं, सिलिंडर न्यायचा की मशीन. पुढच्या पाच आठवड्यांत आम्ही दोन्ही वापरून पाहिलं. ज्यांच्या घरी हाच प्रश्न आज आला आहे, त्यांच्यासाठी हा हिशोब.

दुकानात शिरायच्या आधी वॉर्डात फोन लावा आणि चार गोष्टी लिहून घ्या: मिनिटाला किती लिटर, दिवसाचे किती तास, बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) किती ते किती राहायला हवा, आणि कमी कधी करायचा. आम्हाला सिस्टरनं फोनवरच सांगितलं: २ लिटर, पहिले दहा दिवस सतत, मग फक्त रात्री, आकडा ८८ ते ९२. मी म्हटलं, ९२ कमी नाही का? तर मोठे बाबा जुने बिडीवाले, फुफ्फुसं आधीच थकलेली. अशा माणसाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो, माणूस सुस्तावतो, आणि घरच्यांना वाटतं छान झोप लागली. ज्याची फुफ्फुसं धड आहेत त्याला डॉक्टर ९४च्या वरचा आकडाही सांगतील. शेजाऱ्याचा आकडा आपल्या पेशंटला लावू नका.

आणि हेही विचाराच, की खरंच लागतो का? ऑपरेशन झालेल्या बहुतेकांचा ऑक्सिजन दवाखान्यातच निघतो. टाके दुखतात म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, फुफ्फुसाचा खालचा भाग मिटून राहतो, कफ साचतो, आणि आकडा घसरतो. त्याचा खरा इलाज श्वास आत ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचा तो प्लास्टिकचा स्पायरोमीटर, उशी छातीशी धरून खोकणं, उठून बसणं आणि अंगणात चार फेऱ्या मारणं हाच आहे. बसल्या जागी आकडा बरा राहत असेल, तर ‘असू द्या घरात’ म्हणून हजारोंचं मशीन आणण्यात अर्थ नाही. ‘ऑक्सिजनानं जखम लवकर भरते’ हे आमच्याकडे तिघांनी सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये ऑपरेशनच्या वेळी आणि नंतर २ ते ६ तास जास्त ऑक्सिजन द्यायची शिफारस केली होती, तीही श्वासनळीत नळी घातलेल्या पेशंटसाठी. त्यावर वाद झाला आणि २०१८ मध्ये ती शिफारस सौम्य केली गेली. घरातल्या नाकाच्या नळीशी त्याचा संबंध नाही.

आता सिलिंडर. घरी येतात ते दोन प्रकारचे. बी टाइप लहान, त्यात साधारण १५०० लिटर वायू. डी टाइप म्हणजे दवाखान्यात दिसतो तो उंच, त्यात ७००० लिटर. २ लिटरवर लहान सिलिंडर साडेबारा तास पुरतो आणि मोठा अठ्ठावन्न तास. म्हणजे सतत लावायचा असेल तर आठवड्याला तीन मोठे. पाच लिटर लागत असेल तर मोठासुद्धा एक दिवस पुरत नाही. हे गणित दुकानदार सांगत नाही. ‘दोन-तीन दिवस आरामात जातो’ एवढंच म्हणतो, आणि किती लिटरवर ते विचारत नाही.

मशीन भाड्यानं मिळायला आम्हाला चार दिवस लागले, तेवढे दिवस डी टाइपवर काढले. छोटा हत्तीतून आणला, दोघांनी तिरपा करून गोल फिरवत सपरीत (ओसरीत) नेला आणि खांबाला दोरानं बांधला. बांधणं फार गरजेचं आहे. उभा सिलिंडर वासराच्या धक्क्यानंही पडतो, आणि वरचा व्हॉल्व्ह तुटला तर आतला चौरस सेंटिमीटरला १५० किलोचा दाब एकदम सुटतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाबाच्या घड्याळाचा काटा खाली आला की घरात सगळ्यांची नजर त्या काट्यावर. यवतमाळला जाऊन भरून आणायचा तर अर्धा दिवस गेला, वर गाडीभाडं. किती उरलं ते काढायची युक्ती सोपी आहे: लहान सिलिंडरला काट्यावरचा आकडा गुणिले दहा, तेवढे लिटर. काटा १०० वर असेल तर १००० लिटर, म्हणजे २ लिटरवर आठ तास वीस मिनिटं.

सिलिंडरचा मोठा गुण एकच, पण आपल्याकडे तो लाखमोलाचा: त्याला लाइन लागत नाही. आवाजही नाही. घेताना अंग काळं आणि खांदा पांढरा आहे ना, ते बघा. सगळाच काळा असेल तर तो कारखान्याचा, वेल्डिंगवाल्याचा. चावी, लिटर मोजायचा फ्लोमीटर आणि ऑक्सिजनला ओल देणारी पाण्याची बाटली सोबत आहे का, तेही तिथंच जोडून दाखवायला सांगा.

मशीन, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, हवेतूनच ऑक्सिजन काढतं. आत झिओलाइटचे दाणे असतात, ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन नळीत येतो. भरायची कटकट नाही. पाच लिटरचं मशीन घरच्या पेशंटला सहसा पुरतं. विकत घ्यायचं तर साधारण तीस ते साठ हजार, आणि महिनाभराच्या कामासाठी ते घेणं मला पटत नाही. भाड्यानं घ्या. वजनावरून पारख करा: खरं पाच लिटरचं मशीन चौदा किलोच्या आसपास भरतं. हातात उचलून नेता येईल असं पाच-सहा किलोचं, वर ‘१ ते ७ लिटर’ लिहिलेलं मशीन लिटर वाढवले की जवळजवळ साधी हवाच सोडतं.

गावातल्या एका जाणत्यानं सुचवलं की २०२१ च्या कोरोनात दान आलेलं मशीन पडून आहे, तेच घ्या, फुकट. नाही घेतलं, आणि बरं झालं. तीन-चार पावसाळे बंद पडून राहिलं की झिओलाइट ओल ओढून घेतं, मशीन आवाज तसाच करतं, बुडबुडेही येतात, पण ऑक्सिजन साठ टक्के आहे की चाळीस ते डोळ्यांना कळत नाही. असं मशीन वापरायचंच असेल तर आधी दवाखान्यात किंवा दुकानात ॲनालायझर लावून टक्केवारी मोजून घ्या. भाड्याचं मशीन घेतानाही हीच अट घालायची. आमच्या दुकानदारानं तोंड वाकडं केलं, पण मोजून दाखवलं.

विजेचं काय? पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट ओढतं. चोवीस तास चाललं तर दिवसाला आठ युनिट, महिन्याला अडीचशे. ज्यांचं घरबिल शंभर युनिटच्या आत बसतं त्यांचं बिल पुढच्या टप्प्यात जातं, तेव्हा भाड्यात हे धरूनच तुलना करा. आणि लाइन जाते तेव्हा? १५० एएचच्या एका बॅटरीचा इन्व्हर्टर हे मशीन तीनेक तास ओढेल, पंखा-दिवे बंद ठेवले तर. वादळात तार तुटली, किंवा डीपी जळली, तर तीन तासांनी काय होतं हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. घर शेतात असेल आणि शेतीच्या फीडरवर पाळीनं लाइन येत असेल, तर मशीनचा विचारच सोडा, मोठे सिलिंडर आणा किंवा ते दिवस तालुक्याच्या गावी नातेवाइकाकडे काढा.

आता जे दुकानात कोणी सांगणार नाही. आम्ही मशीन आणलं ते डिसेंबरात, आणि घरात कापूस होता. भाव वाढायची वाट बघत अर्धं माजघर छतापर्यंत भरलेलं. चौथ्या दिवशी मशीनच्या मागची जाळी काढली तर फोमच्या फिल्टरवर पांढरा थर, नखानं उचकटला तर गादीतल्या रुईसारखा अखंड निघाला. मशीन गरम होऊन कण्हत होतं ते त्यामुळे. पुढे दर तीन दिवसांनी फिल्टर धुतला, वाळवला, मग लावला. पण फिल्टर हे लहान दुखणं. ऑक्सिजन आणि कापूस एका खोलीत ही गोष्ट मला आजही आठवली की अंगावर काटा येतो. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगीला भडका करतो. आम्ही पेशंटची खाट सपरीलगतच्या खोलीत हलवली, देवघरातला दिवा, उदबत्ती आणि पऱ्हाटीची चूल लांब ठेवली. नाक कोरडं पडतं म्हणून मोठी माय खोबरेल लावायला निघाली होती, तेही थांबवलं. तेल आणि ग्रीस नळीजवळ, नाकाजवळ, सिलिंडरच्या व्हॉल्व्हजवळ नको. बिडीबद्दल मोठे बाबांशी झालेलं भांडण इथं लिहीत नाही.

तुमचं काम एप्रिल-मे मध्ये पडलं तर अडचण वेगळी. बहुतेक मशीन ४० अंशांपर्यंत चालायला बनवलेली असतात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे बाहेरच पंचेचाळीस असताना टिनाच्या खोलीत ते अलार्म देणारच. मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. कुलरच्या ओल्या झोतात मात्र ठेवू नका, ती ओल दाण्यांना मारते. नळी पंधरा मीटरपर्यंत लांब मिळते, तेव्हा मशीन एका खोलीत आणि पेशंट दुसरीत असं जमतं, आणि घरघरीनं झोपमोडही होत नाही. बाटलीत उकळून गार केलेलं पाणी घाला आणि रोज बदला.

रात्री मोठे बाबा हाक मारायचे, "बापू, दोनवर काई होत नाई, पाचवर कर ना." लिटर वाढवणं हा कोणत्याच साधनाचा फायदा नाही, धोका आहे. बोटं थंड असली किंवा मेंदी असली तर ऑक्सिमीटर उगाच कमी दाखवतो, तेव्हा हात चोळून गरम करा आणि मिनिटभर थांबून पुन्हा बघा. तरी आकडा सांगितल्याच्या खाली असेल, ओठ निळे असतील, बोलणं बरळल्यासारखं येत असेल, एकदम छातीत दुखून दम लागला किंवा एक पाय सुजला असेल, तर बटणाशी खेळत बसू नका, १०८ लावा. त्या गाडीत ऑक्सिजन असतो.

माझं मत विचाराल तर गावठाणाच्या लाइनवर घर, २ लिटर, आणि दोन आठवड्यांच्या वर काम असेल तर मशीन भाड्यानं आणि उशाशी एक भरलेला बी टाइप. फक्त मशीन कधीच नाही. आठवडाभराचंच, तेही रात्रीपुरतं असेल, तर एक-दोन मोठे सिलिंडर स्वस्त पडतात. पाच लिटर किंवा त्याहून जास्त लागत असेल तर पेशंटला अजून घरी आणायची वेळ झालेली नाही, सुट्टी घ्यायची घाई करू नका. खांद्याला लटकवायचं बॅटरीचं मशीनही असतं, पण ते बहुधा श्वास ओढला की फुंकर देतं, तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याला रात्री कामाचं नाही, आणि महाग.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी नळी काढून अर्धा तास बसवलं, मग चालवलं, आकडा ९० वर टिकला. मशीन परत गेलं. लहान सिलिंडर लाइन गेली तेव्हा दोनदाच लागला, परत दिला तेव्हा काटा ११० वर होता. उरलेल्या गॅसचे पैसे मिळत नाहीत. डिपॉझिटची पावती मोठ्या मायनं पोथीत ठेवली होती म्हणून सापडली, चावी मात्र कापसात कुठंतरी गेली, तिचे कापले.