आईला कोणती लस: २३ ची की २० ची?

न्यूमोनियाची लस द्यायचं घरात ठरलं की पुढचा प्रश्न दवाखान्यातच पडतो: २३ ची की २० ची, म्हणजे जंतूच्या २३ प्रकारांवरची की २० प्रकारांवरची? मी हा निर्णय दोनदा घेतला, आधी बाबांसाठी, मग आईसाठी, आणि दोन्ही वेळा वेगळा.

दोन्ही लसी न्यूमोकोकस या एकाच जंतूवरच्या. क्लेब्सिएला, हिमोफिलस, मायकोप्लाझ्मा, लिजनेला या दुसऱ्या जंतूंमुळे होणारा न्यूमोनिया त्या अडवत नाहीत. म्हणून लस घेतलेल्या माणसालाही ताप आणि धाप असेल तर घरी बसवून ठेवू नका.

बाबांच्या वेळी मी आकडा पाहिला. २३ प्रकार, शिवाय किंमतही कमी. बाबांना मधुमेह, वय ६२. लस टोचून घरी आलो, निर्धास्त झालो. नंतर कळलं की ६५ च्या आत घेतली म्हणून पाच वर्षांनी ती पुन्हा घ्यावी लागणार. तोवर २० ची देऊन टाकू म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, "आता निदान वर्षभर थांबा." ते वर्ष मला फार जड गेलं. थंडीत बाबा रात्री खोकले की मी उठून त्यांचा श्वास ऐकत बसायचो.

फरक लसीच्या घडणीत आहे. २३ च्या लसीत जंतूच्या कवचातली नुसती साखर असते. तिची आठवण शरीर फार काळ ठेवत नाही, आणि दोन वर्षांखालच्या मुलांत तर ती नीट कामच करत नाही. २० च्या लसीत तीच साखर प्रथिनाला जोडलेली असते, त्यामुळे आठवण पक्की होते. आकड्याचं म्हणाल तर १९ प्रकार दोन्हींत सारखेच. २३ मध्ये ४ जास्तीचे, २० मध्ये एक वेगळा. एवढ्याशा फरकासाठी मी तारखांच्या त्या फेऱ्यात पडलो.

आईला थेट २० ची दिली. महाग पडली, दंड दोन दिवस दुखला, पण सध्याच्या शिफारशींप्रमाणे तिला पुढे २३ ची घ्यावी लागत नाही. मी डॉक्टर नाही. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पैशांची अडचण असेल तर काहीच न देण्यापेक्षा २३ ची जरूर द्या. फक्त लसीचं नाव आणि तारीख फायलीत ठळक लिहून ठेवा, पुढचा डॉक्टर आधी तेच विचारतो.