लायब्ररीच्या पॅकेजचे नाव: डेबियनची पद्धत की फेडोराची?
लायब्ररीच्या (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या) पॅकेजच्या नावात आवृत्ती घालावी की नाही, अशा पेचात एक सहकारी आहे. डेबियन या लिनक्स वितरणात सोनेम (प्रोग्रॅम लायब्ररीला ज्याने ओळखतात ते आवृत्तीसह अंतर्गत नाव) पॅकेजच्या नावातच उतरते, ‘लिबएसएसएल१.१’ आणि ‘लिबएसएसएल३’ ही वेगळी पॅकेजे असल्याने दोन्ही एकत्र नांदतात व जुने प्रोग्रॅम मोडत नाहीत. कष्ट मात्र वाढतात: सोनेम बदलले की नवे नाव आणि त्याची नव्याने तपासणी. ३२ बिटी यंत्रांवर वेळ साठवणारा डेटा-प्रकार ६४ बिटी करताना तर सोनेम तेच असूनही अनेक नावांना ‘टी६४’ हे शेपूट जोडावे लागले. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणात त्याच लायब्ररीचे ‘ओपनएसएसएल-लिब्स’ हे नाव आवृत्ती बदलली तरी टिकते आणि सोनेमवरचे अवलंबित्व आरपीएम ही तिथली पॅकेज-प्रणाली स्वतःच नोंदवते; जुनी आवृत्ती हवी असल्यास मात्र वेगळे पॅकेज काढावे लागते. अवलंबून असलेल्या पॅकेजांची पुनर्बांधणी दोन्हीकडे अटळच. दोन आवृत्त्या दीर्घकाळ सोबत चालवायच्या असतील तर डेबियनची पद्धत बरी. सगळे एकदमच बांधणाऱ्या लहान चमूला फेडोराची पुरते.