कॉर्निश-विंडसरचा लाकडी पूल, एका सुताराच्या नजरेतून

आम्ही अमळनेर तालुक्यातले सुतार. बैलगाड्या, दमण्या, तिफणी आणि धाब्याची (मातीच्या सपाट छपराची) घरं यांतच माझी चाळीस वर्षं गेली. यंदा एप्रिलमध्ये लेकीकडे अमेरिकेत गेलो. जावईबापूंना एवढंच म्हटलं, "मॉल नको, जुनं लाकूडकाम दाखवा." त्यांनी हा पूल दाखवला.

खाली कनेक्टिकट नदी. एका काठाला न्यू हॅम्पशायरमधलं कॉर्निश, दुसऱ्या काठाला व्हरमाँटमधलं विंडसर. आधीचे तीन पूल गेल्यावर १८६६ साली हा चौथा बांधला, ९,००० डॉलरमध्ये. लांबी साधारण ४५० फूट आणि पात्रात खांब एकच! म्हणजे एकेक गाळा दोनशे फुटांच्या वर. धाब्याच्या घरात आठ-नऊ फुटांच्या खणावर तुळई टाकतानाही आम्ही दहा वेळा विचार करतो. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हाऊ पूल कितला लांब शे भो!"

सगळी करामत दोन्ही बाजूंच्या जाळीत आहे. इथियल टाऊन नावाच्या माणसाने १८२० साली या रचनेचं पेटंट घेतलं होतं. तिरपी लाकडं एकमेकांवरून फुल्यांसारखी जातात आणि भार कुठल्या एकट्या लाकडावर न पडता सगळीकडे वाटला जातो. इथे तर फळ्यांऐवजी जाड चौरस लाकडं घेऊन, खाचा पाडून ती एकमेकांत बसवली आहेत. मी गाडीची काच खाली करून खाचाच बघत राहिलो.

पुलाला छप्पर कशाला, असं लेकीने विचारलं. ते माणसांसाठी नाही, लाकडासाठी आहे. वडील सांगायचे, लाकूड पाण्यात बुडालेलं टिकतं, कोरडं टिकतं. ओलं-कोरडं होत राहिलं की कुजतं. खालची जाळी कोरडी राहावी म्हणून वर छप्पर.

१९८८-८९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. तेव्हा काही ठिकाणी थर चिकटवून केलेली नवी लाकडं घातली. जुन्या लोकांना ते खटकलं असेल, मला नाही. गाडीचा मोडका आरा बदलला म्हणून गाडी नवी होत नाही.

वर पाटी आहे: घोडे चालत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. १९४३ पर्यंत टोलही होता, आता काही पडत नाही. अडचण एकच, रहदारी चालू असते, त्यामुळे आत थांबून बघता येत नाही. गाडी काठावर लावा, सकाळी जा आणि आधी बाहेरून पूर्ण लांबी बघा. पाचपैकी पाच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी आलो. मोठ्या भावाने यंदा जुन्या घराचं धाबं तसंच ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन ट्रॉल्या खारी, म्हणजे पाणी आत मुरू न देणारी माती, आणून पावसाआधी धाब्यावर टाकून घेतली.