हाताची कातडी गेली: ग्राफ्ट घ्यायचा की फ्लॅप?

मासेमारी ट्रॉलरच्या विंचमध्ये (जाळ्याचा दोर गुंडाळणाऱ्या यंत्रात) बोटं सापडली किंवा कोयता निसटून हातावर बसला, की कधीकधी टाके घालायला कातडीच उरत नाही. मग डॉक्टर दोन शब्द उच्चारतात, ग्राफ्ट आणि फ्लॅप. घरच्यांना वाटतं एक स्वस्तातला आणि दुसरा भारीतला. खरं तर निवाडा होतो तो जखमेच्या तळाशी काय दिसतंय त्यावर.

ग्राफ्ट म्हणजे मांडीवरून, जांघेतून किंवा मनगटाजवळून काढलेली नुसती कातडी. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. सुरुवातीला ती खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात. म्हणून तळ लाल आणि ओलसर लागतो. हाड उघडं पडलंय किंवा कंडरेवरचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवरचं) आवरण गेलंय, तिथे ग्राफ्ट धरत नाही. पातळ ग्राफ्ट चटकन धरतो, पण पुढे आकसतो आणि सांध्याजवळ असेल तर बोट वाकडं करतो. पूर्ण जाडीचा कमी आकसतो. रोज दोर ओढणाऱ्याच्या तळहातासाठी मी त्याचीच चौकशी करेन.

फ्लॅप म्हणजे खालच्या चरबीसकट उचललेली कातडी. तो आपली रक्तवाहिनी सोबत घेऊन येतो, म्हणून हाडावरही जगतो. बोटाच्या लहान जखमेला शेजारच्या बोटाच्या पाठीची कातडी उलटवून लावतात. दोन-तीन आठवडे दोन्ही बोटं जोडलेली राहतात, मग दुसरं ऑपरेशन. मोठ्या जखमेला जांघेचा फ्लॅप. मॅकग्रेगर आणि जॅक्सन या सर्जननी तो १९७२ साली मांडला, आजही भरवशाचा आहे, मायक्रोस्कोप लागत नाही. पण साधारण तीन आठवडे हात जांघेला शिवलेला! जेवण, आंघोळ, सगळं दुसऱ्याच्या हातून. साठी उलटलेल्या माणसाचा खांदा-कोपर आखडतो, त्याला मी हा सुचवणार नाही.

फ्री फ्लॅपमध्ये दुसरीकडची कातडी काढून तिच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली हातातल्या वाहिन्यांना जोडतात. हात मोकळा राहतो, पण ऑपरेशन कित्येक तासांचं, आणि पहिले दोन-तीन दिवस रात्रंदिवस पहारा. गुठळी झाली तर लगेच पुन्हा टेबलावर. म्हणजे जवळचं हॉस्पिटल बघण्यापेक्षा ही टीम चोवीस तास असणारं बघावं, मग मुंबई गाठायची की गोव्याचं बांबोळी (गोवा मेडिकल कॉलेज), ते ज्याच्या त्याच्या गावावर.

आणि एक पर्याय लोकांना टाळाटाळ वाटतो: काहीच न करणं. बोटाच्या टोकाची सेंटिमीटरभर कातडी गेली आणि हाड दिसत नसेल, तर नुसत्या ड्रेसिंगवर तीन ते सहा आठवड्यांत भरून येते. स्पर्शही बहुधा ग्राफ्टपेक्षा चांगला राहतो.

जखम समुद्राच्या पाण्यात किंवा माशाच्या काट्याने झाली असेल तर ते न विचारता सांगा. तिथले जंतू वेगळे असतात, औषधं बदलतात, आणि अशी जखम धुऊन दोन-तीन दिवस उघडी ठेवून मग झाकतात. विडी, तंबाखू, मशेरीचंही लपवू नका. निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात आणि बसलेला फ्लॅप काळा पडू शकतो.

होकार देण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: दुसरं ऑपरेशन आहे का, आणि घराजवळ हाताचा व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट कुठे मिळेल. दापोलीहून दर आठवड्याला मुंबई कुणालाच जमत नाही.