ब्रश पेन, काही महिन्यांनी: रेषा अप्रतिम, पण खोडरबर फिरवला की काळं करडं होतं

गेले काही महिने कॉमिकची सगळी पानं मी कार्ट्रिजवाल्या ब्रश पेननेच इंक करतेय, म्हणजे पेन्सिलीच्या चित्रावर शाईच्या रेषा काढतेय. नायलॉनचे सुटे केस, पिगमेंटची वॉटरप्रूफ शाई, म्हणजे पेन कोणत्या जातीचं ते कळलं असेलच. लिहायला बसले ती मात्र वैतागून. पूर्ण झालेल्या पानावरची पेन्सिल खोडली आणि रात्रीच्या पॅनेलमधलं काळंभोर आकाश करडं पडलं.

वाळली नव्हती असं नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबून पाहिलं, मळून वापरायचा मऊ खोडरबरही वापरला. त्रास कमी झाला, पण गेला नाही. पिगमेंटचे बरेचसे कण कागदात मुरत नाहीत, वरच बसतात, आणि ग्रॅफाइटबरोबर थोडे थोडे निघून येतात. गुळगुळीत ब्रिस्टलवर, म्हणजे चित्रांच्या जाड कागदावर, तर जास्तच. टाकाने वापरायच्या कित्येक इंडिया इंकमध्ये शेलॅक, म्हणजे लाखेपासूनचा चिकट पदार्थ असतो, ते वाळलं की कणांना धरून ठेवतं. पण ती शाई या पेनात भरू नका. टोकापर्यंत शाई नेणाऱ्या फीडमध्ये वाळली की पेन गेलं.

सुरुवातीला माझी तक्रार वेगळीच होती. टोक फार मऊ वाटायचं, चेहऱ्यावरच्या बारीक रेषा थरथरायच्या. ते मत आता पार बदललंय. पेन थोडं उभं धरून मनगटाऐवजी कोपरापासून हात फिरवायला लागल्यावर केसांच्या सळ्या, कपड्यांच्या चुण्या एका दमात यायला लागल्या. टाकाची निब वरच्या दिशेला ढकलली की कागदात अडकते, शिंतोडे उडतात. हे टोक कुठल्याही दिशेला जातं, आणि बारीक सुरू झालेली रेषा मधे भरून पुन्हा बारीक होते. दौतीत बुडवायला थांबावं लागत नाही, त्यामुळे हाताची लय तुटत नाही. या एका सुखासाठी मी बाकी बरंच सहन करते.

आता पुन्हा खोडण्याकडे. सध्या मी आधी रेषा काढते, मग पेन्सिल खोडते आणि मोठे काळे भाग सगळ्यात शेवटी, साध्या कुंचल्याने बाटलीतल्या शाईने भरते. कार्ट्रिजही वाचतं. एवढ्याशा कार्ट्रिजमधली शाई आकाश भरण्यात घालवणं जिवावर येतं.

पण फिकटलेल्या रेषांवर पुन्हा हात फिरवावा लागतोच, म्हणून हल्ली कच्चं चित्र फिकट निळ्या पेन्सिलीने काढते. ती खोडतच नाही. पान रंगीत स्कॅन करायचं आणि लाल, हिरवं, निळं या रंगांच्या थरांपैकी (चॅनेलपैकी) फक्त निळं ठेवायचं, त्यात फिकट निळं जवळजवळ पांढरं दिसतं आणि शाई काळीच राहते. फक्त हात हलका ठेवा. या पेन्सिली मेणचट असतात, दाबून काढलं तर शाई वरून घसरते आणि रेषा तुटते. मूळ पान कुणाला द्यायचं असेल तर मात्र लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर, कोऱ्या कागदावर इंक करणंच बरं.

टोकाचे दोन-तीन केस आता फाकलेत. ओलं करून बोटांनी वळवलं तरी पहिल्यासारखी टोकदार रेषा येत नाही. नवं टोक बसवेन, पण हे टाकणार नाही. अर्धवट कोरडं करून फरफटवलं की खडक आणि झाडाच्या सालीचा पोत यातून नव्या टोकापेक्षा चांगला येतो.