परदेशी नोकरीचा करार समजून घेताना: अलकापुरीतील एका सल्ला केंद्राचा अनुभव

बडोद्याच्या रावपुऱ्यातील एका फर्ममध्ये आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करून मी सीए झालो आणि पुढची नऊ वर्षे मकरपुऱ्यातील एका कारखान्याचे हिशेब सांभाळले. गेल्या उन्हाळ्यात दुबईहून महिना १८,००० दिरहमचे ऑफर लेटर आले, तेव्हा होकार कळवण्यापूर्वी मी अलकापुरीतील एका सल्ला केंद्रात गेलो. वित्तक्षेत्रातील लोकांना परदेशी नोकरीबाबत मार्गदर्शन करणाऱ्या या केंद्रात तीन बैठकींचे १२,००० रुपये घेतात.

पहिल्या बैठकीत सल्लागार बाईंनी विचारले, "पगार बाजूला ठेवा, मग का जायचे आहे?" उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. वर्षातले कित्येक महिने रिटर्न आणि ऑडिटच्या मुदती गाठण्यात जात होते, कर्ज किती काढायचे किंवा नवे यंत्र घ्यायचे की नाही हे मालकांच्या घरी ठरत होते आणि माझ्या टेबलावर कागद येई तो केवळ सहीसाठी. बडोद्यातून बाहेर पडणाऱ्या माझ्या अनेक सहकाऱ्यांचे दुखणे हेच आहे, पण घरी सांगताना सगळे जण पगाराचाच आकडा सांगतात.

तिकडे आपली गरज का आहे, हेही त्यांनी नेमके समजावले. दुबई ज्या संयुक्त अरब अमिरातीत आहे, तिथे २०१८ च्या जानेवारीत ५ टक्के व्हॅट (आपल्या जीएसटीसारखा विक्रीवरचा कर) आला आणि जून २०२३ पासून ३,७५,००० दिरहमच्या वरील नफ्यावर ९ टक्के कंपनी कर लागू झाला. ज्या कंपन्यांना तोवर करविभागाची गरजच नव्हती, त्यांना २०१७ चा जीएसटी पहिल्या दिवसापासून हाताळलेली माणसे हवीशी झाली. शिवाय आपली इंड-एएस ही हिशेबाची मानके आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय मानकांच्या धर्तीवर बेतलेली असल्याने ताळेबंद नव्याने शिकावा लागत नाही.

दुसरी बैठक मला सर्वांत मोलाची वाटली. बाईंनी ऑफर लेटर उलटे करून कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने हिशेब मांडला. १८,००० पैकी मूळ वेतन ७,२०० च होते, बाकी सगळे भत्ते. तिथली ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, पहिली पाच वर्षे दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतकी मिळते, म्हणजे माझ्या वाट्याला वर्षाला ५,०४० दिरहम. इतकी वर्षे दुसऱ्यांचे ताळेबंद तपासूनही स्वतःच्या पत्रातली ही ओळ माझ्या नजरेतून सुटली होती. त्यांच्या सांगण्यावरून मी कंपनीला लिहिले आणि एकूण पगार तोच ठेवून मूळ वेतन १०,००० झाले.

रुजू होण्याची तारीख १० ऑक्टोबर होती, तीही त्यांनी बदलून घ्यायला लावली. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाचे त्या आर्थिक वर्षातले भारतातील वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी असेल, तर तो करासाठी अनिवासी ठरतो आणि तिकडच्या पगारावर इथे कर बसत नाही. एप्रिलपासून मोजले तर ऑक्टोबरात निघणाऱ्याची ही मर्यादा ओलांडली जाते. आता माझे विमान १४ सप्टेंबरचे आहे. घरभाडे, मुलीच्या शाळेची फी आणि दांडिया बाजारात राहणाऱ्या आई-बाबांकडे वर्षातून दोनदा येण्याचा खर्च वजा जाता हाती काय उरते, हेही त्याच कागदावर लिहून मिळाले. तो कागद मी जपून ठेवला आहे.

तिसऱ्या बैठकीने मात्र निराशा केली. केंद्र आठ दिवसांत तयार करून देणार होते तो बायोडेटा पाच आठवड्यांनी आला आणि त्यात माझ्या खर्चलेखांकनाच्या अनुभवाचा उल्लेखही नव्हता. त्याच वेळी तिथल्या एका तरुण कर्मचाऱ्याने माझ्या धाकट्या भावाला नोकरी मिळवून देण्यासाठी 'नोंदणी' म्हणून ६०,००० रुपये मागितले. परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटला सरकारी परवाना लागतो आणि उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. मी परवाना क्रमांक विचारला, तो मिळाला नाही. इतक्या जाणत्या सल्लागाराच्या शेजारच्या टेबलावर हे चालावे, याचे मला मनापासून वाईट वाटले.

पहिल्या दोन बैठकींसाठी हे केंद्र मी निःसंकोच सुचवेन. शनिवारी सकाळची वेळ घ्यावी, कारण बाई तेव्हाच निवांत असतात. सोबत पगाराच्या तक्त्यासकट पूर्ण ऑफर लेटर न्यावे. नोकरी मिळवून देण्याचा विषय केंद्रातल्या कोणी काढलाच, तर परवाना क्रमांक दिसेपर्यंत एक रुपयाही देऊ नये.